कृष्णविवर : काही शंका व त्यांची उत्तरे

किन्हीराजा परिसरातील विद्यार्थी मित्रहो, कृष्णविवराविषयी हमखास विचारली जाणारी शंका म्हणजे ‘ते एक दिवस पृथ्वीला गिळून टाकील काय?’ ऐकीव गोष्टींनी भीती वाढते, माहितीने ती कमी होते. म्हणून अशा काही प्रश्नांचा येथे थोडक्यात विचार करू.

१) कृष्णविवर म्हणजे काय?
वर फेकलेला दगड खाली येतो. तो परत येऊ नये, यासाठी तो सेकंदाला सुमारे ११ कि.मी. वेगाने फेकावा लागेल. तेच द्रव्य दाबून लहान जागेत कोंबले, तर सुटकेसाठी लागणारा हा वेग वाढत जातो. पृथ्वी दाबून बोराएवढी केली, तर सेकंदाला ३ लाख कि.मी. धावणारा प्रकाशही तेथून निसटणार नाही. असे ठिकाण म्हणजे कृष्णविवर. डॉ. जयंत नारळीकर यांनी याच नावाची विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविली व तिला पहिले बक्षीस मिळाले.

२) ते तयार कसे होते?
सूर्याच्या साधारण वीसपट किंवा त्याहून जड ताऱ्याचे इंधन संपले की, त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने आत कोसळतो व बहुधा कृष्णविवर बनते. आपला सूर्य तेवढा जड नाही. त्याचे कृष्णविवर कधीच होणार नाही.

३) दिसत नाही, तर ते आहे कशावरून?
वारा दिसत नाही, पण तुरीचे शेत डोलू लागले की तो कळतो. तसेच येथे आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी काही तारे एका न दिसणाऱ्या जागेभोवती अतिवेगाने फिरतात. अनेक वर्षे त्यांची नोंद ठेवणाऱ्या गेंझेल व अँड्रिया गेझ यांना २०२० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूचे व त्यामधील काळ्या सावलीचे पहिले चित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले.

४) ती कोठे आढळतात?
लहान कृष्णविवरे आपल्या आकाशगंगेत विखुरलेली आहेत. हंस तारकासमूहात असलेले त्यांपैकी एक सूर्याच्या सुमारे २१ पट जड आहे. प्रचंड कृष्णविवरे दीर्घिकांच्या मध्यभागी असतात. आपल्या दीर्घिकेतील असे कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांएवढे असून २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. भाद्रपद-आश्विनात आकाश निवळले की, अंधार पडताच दक्षिणेकडून किंचित पश्चिमेला धनू रास दिसते. ते त्याच दिशेला आहे.

५) पृथ्वीला धोका आहे काय?
नाही. माहीत असलेले सर्वांत जवळचे कृष्णविवरही दीड हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी कि.मी. शिवाय, कृष्णविवर दूरच्या वस्तू ओढून घेत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचे कृष्णविवर ठेवले, तरी पृथ्वी आजच्याच कक्षेत फिरत राहील. मात्र उजेड व ऊब राहणार नाही.

६) आपल्या भागाचा याच्याशी काय संबंध?
दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळताना अवकाशात लहरी उठतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो केंद्रांनी अशी लहर प्रथमच टिपली. ती सुमारे १३० कोटी वर्षे प्रवास करून आली होती. काटकोनात असलेल्या चार-चार कि.मी. लांबीच्या दोन नळ्यांतून लेसर किरण सोडून ही मोजणी होते. असेच केंद्र आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था त्यात सहभागी आहे. लहर नेमकी आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे ठरविण्यास दूरदूरची अनेक केंद्रे लागतात. म्हणून या केंद्राचे महत्त्व मोठे आहे.

अशा केंद्राला शास्त्रज्ञांबरोबर अभियंते, तंत्रज्ञ व संगणक जाणणारी माणसेही लागतात. तेव्हा मित्रहो, गणित व भौतिकशास्त्र अवघड म्हणून सोडू नका. कोणी काही सांगितले, तर ‘कशावरून?’ असे विचारा. औंढ्याचे केंद्र सुरू होईल तेव्हा तेथे काम करणाऱ्यांत आपल्या वाशिम जिल्ह्यातील मुले-मुलीही असावीत, हीच सदिच्छा.