तोंडी लावण्यापुरती माणसं

गैरसमज : दुय्यम पात्र म्हणजे तोंडी लावणं. असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही.

वस्तुस्थिती : 'शोले'तला (१९७५) गब्बरचा पहिला प्रवेश आठवा. रामगढहून हात हलवत परतलेली तीन माणसं माना खाली घालून उभी आहेत. खडकावर बूट वाजतात, हातातला पट्टा दगडांवर घासत जातो. गब्बर त्या तिघांची खरडपट्टी काढतो आणि मध्येच मान वर करून सांबाला विचारतो, सरकारने माझ्यावर इनाम किती लावलंय? सांबा म्हणजे मॅक मोहन. उंच खडकावर बंदूक घेऊन बसलाय. तो पन्नास हजारांचा आकडा सांगतो आणि गप्प होतो.

हा आकडा गब्बरने स्वतःच्या तोंडाने सांगितला असता तर ती बढाई झाली असती. दुसऱ्याने सांगितला म्हणून ती माहिती झाली. गंमत म्हणजे त्या खडकांमधल्या प्रत्येकाला तो आकडा पाठ असणार. ठाऊक नसतो तो फक्त थिएटरात बसलेल्या आपल्याला. खलनायकाची किंमत, टोळीतली त्याची जरब आणि ती किंमत पुन्हापुन्हा ऐकण्याची त्याची हौस, या तिन्ही गोष्टी सलीम-जावेद यांनी एका प्रश्नोत्तरात उरकल्या, आणि तेवढ्यासाठी एक माणूस खडकावर बसवून ठेवला.

मग येतो कालिया. विजू खोटे. पिस्तुलात सहा गोळ्या आणि समोर तीन माणसं, हे गणित गब्बरला पसंत पडत नाही, म्हणून तो तीन गोळ्या हवेत झाडतो आणि चक्री फिरवतो. त्यानंतर कॅमेरा कालियाच्या चेहऱ्यावर जे टिपतो, ते सिनेमाच्या दृष्टीने गब्बरच्या संवादांइतकंच मोलाचं आहे. गब्बर झालेले अमजद खान तेव्हा प्रेक्षकांना जवळजवळ अनोळखी होते. ही भूमिका आधी डॅनी डेंग्झोंगपा करणार होते, पण 'धर्मात्मा'च्या अफगाणिस्तानातल्या चित्रीकरणामुळे त्यांना ती सोडावी लागली. अनोळखी माणसाला लोकांनी घाबरायचं कशाला? कालिया घाबरतो म्हणून. गब्बरची दहशत अर्ध्याहून अधिक इतरांच्या चेहऱ्यांवर वठलेली आहे. नाटकवाल्यांना हे कुणी शिकवायला लागत नाही: दरबारी नीट वाकले नाहीत तर मुकुट घातलेल्याला कोणी राजा म्हणत नाही.

गैरसमज : पडद्यावर जितकी मिनिटं, तितकं वजन.

वस्तुस्थिती : 'नेटवर्क' (१९७६) या अमेरिकी चित्रपटात बिएट्रिस स्ट्रेट पाच मिनिटांच्या जरा वर दिसतात. नवऱ्याचं दुसरीकडे जुळलंय हे कळलेली बायको, आणि खरं म्हणजे एकच मोठा प्रसंग. तेवढ्यावर त्यांनी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नेलं.

पण त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. जब्बार पटेल यांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. पटकथा विजय तेंडुलकरांची. एका बाजूला निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील, दुसऱ्या बाजूला डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. या दोघांच्या जुगलबंदीवर भरभरून लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण या जुगलबंदीला विषय पुरवतो तो तिसराच माणूस. मारुती कांबळे. मोहन आगाशे यांच्या वाट्याला आलेली ही भूमिका लांबीने किरकोळ आहे आणि मारुती गावातून नाहीसा झालेला आहे. मास्तर त्याचं काय झालं एवढंच विचारत राहतो. मारुती कांबळे काढून टाका, मग हिंदुराव हा जरा रगेल, पण पाहुण्याला जेवूखाऊ घालणारा साखरसम्राट उरतो आणि मास्तर उरतो नुसता दारुडा. पडद्यावर जेमतेम दिसणाऱ्या माणसाने या दोघांना एकमेकांसमोर उभं केलंय.

माझ्या मते मराठी चित्रपटातली ही सर्वांत मोठी दुय्यम भूमिका आहे.

गैरसमज : नायक-नायिका म्हणून डाळ शिजली नाही की माणूस चरित्र भूमिकांकडे वळतो.

वस्तुस्थिती : काही जण वळतात, नाही असं नाही. ललिता पवारांचं उदाहरण मात्र नेहमी उलट्या बाजूने सांगितलं जातं. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड वर्मी लागली, चेहऱ्याच्या एका बाजूला इजा झाली आणि डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून त्यांची वाट तिथे थांबली, हे खरं. म्हणून हळहळायची पद्धत आहे. पण 'श्री ४२०'मधली केळेवाली घ्या किंवा 'अनाडी'तली मिसेस डिसा घ्या. मिसेस डिसासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. वरून कडक आणि आतून मऊ अशी ती घरमालकीण नसती, तर राज कपूरचा भोळेपणा भाबडेपणाकडे झुकला असता. मग १९८७च्या 'रामायण' मालिकेतली मंथरा. खाष्ट सासू म्हटलं की आजही त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो. किती नायिकांच्या वाट्याला एवढं आलं?

गैरसमज : सहायक अभिनयाची कदर पहिल्यापासून होत आली आहे.

वस्तुस्थिती : ऑस्करमध्ये हा विभाग १९३६च्या चित्रपटांपासून सुरू झाला, पण विजेत्यांना बाहुली मिळत नसे, पाटी मिळत असे. पूर्ण आकाराची बाहुली १९४४च्या सोहळ्यापासून मिळू लागली. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांना तर आणखी उशीर झाला. ते पुरस्कार १९५४ पासूनचे, सहायक अभिनयाचा विभाग मात्र १९८४च्या चित्रपटांपासूनचा. पहिल्याच वर्षी 'पार्टी'साठी रोहिणी हट्टंगडी यांना तो मिळाला. या बाबतीत फिल्मफेअर पुढे होतं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी हा विभाग सुरू केला आणि अभिनेत्रींमध्ये पहिली बाहुली उषा किरण यांनी नेली.

गैरसमज : व्हिडिओ गेममध्ये खेळणारा हाच नायक. बाकीची पात्रं म्हणजे मारायला ठेवलेल्या सोंगट्या.

वस्तुस्थिती : हे बोलणाऱ्याने 'पॅकमॅन' एकदा लक्ष देऊन खेळावा. नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी १९८० साली केलेला हा गेम. चक्रव्यूहात ठिपके खात फिरणारं पिवळं तोंड सगळ्यांना आठवतं, पण त्याला स्वभाव कुठला? ते फक्त खातं. स्वभाव आहेत ते चार भुतांना.

लाल ब्लिंकी थेट पाठीवर येतो. तुम्ही आत्ता जिथे आहात तो चौकोन हेच त्याचं लक्ष्य. गुलाबी पिंकी मात्र तुमचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे चार चौकोन पुढची जागा धरते, म्हणजे पाठलाग न करता वाट अडवते. निळ्या इंकीचं गणित तिरपागडं आहे. तुमच्या पुढचे दोन चौकोन धरायचे, ब्लिंकीपासून तिथपर्यंत रेघ ओढायची आणि ती तेवढीच पुढे वाढवायची. ती जिथे संपेल तिकडे इंकी निघतो. म्हणून ब्लिंकी लांब असताना इंकी वेड्यासारखा भरकटतो आणि ब्लिंकी जवळ आला की अचानक अंगावर येतो. राहिला नारिंगी क्लाइड. आठ चौकोनांहून लांब असला तर तोही ब्लिंकीसारखाच थेट येतो, पण तुमच्या जवळ पोचला की कच खातो आणि आपल्या कोपऱ्याकडे पळतो.

चारही भुतं सारखीच मागे लागली असती तर तुमच्या मागे चौघांची रांग लागली असती आणि गेम दोन मिनिटांत कंटाळवाणा झाला असता. चौघांचे नियम वेगळे असल्यामुळे ती ठरवल्यासारखी वेढा घालतात. त्यातही भर म्हणून पहिल्या पातळीवर ती सुरुवातीला सात सेकंद आपापल्या कोपऱ्यात जातात, मग वीस सेकंद पाठलाग करतात, मग पुन्हा पांगतात. खेळणाऱ्याला श्वास घ्यायला मिळतो तो या सात सेकंदांत. म्हणजे भीती, उसंत, चकवा हे सगळं दुय्यम पात्रांकडे, आणि पिवळ्या तोंडाकडे फक्त भूक. भुतं बदलली तर गेमच बदलेल.

त्या काळी नावाचा मानही नायकालाच मिळत असे असं नाही. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, निन्टेंडोने शिगेरू मियामोतो यांचा 'डाँकी काँग' आणला. गेमवर नाव खलनायक माकडाचं. उड्या मारणारा सुतार नुसता 'जंपमॅन' होता. पुढे त्याचं बारसं अमेरिकेतल्या कंपनीच्या गोदामाच्या मालकावरून झालं आणि तो मारिओ म्हणून जगभर गाजला.

गैरसमज : साथीदार आणि शत्रू जितके हुशार प्रोग्रॅम करावेत, तितके ते जिवंत वाटतात.

वस्तुस्थिती : 'एफ.ई.ए.आर.' (२००५) या गेममधले सैनिक फार हुशार म्हणून नावाजले गेले. ते तुम्हाला वळसा घालून मागून येतात, एकमेकांना हाका मारतात, तुम्ही कुठे दडलात ते ओरडून सांगतात. पण वेढा घालण्याचा असा कुठलाही डाव त्यात लिहिलेला नव्हता. प्रत्येक सैनिक आपल्यापुरता आडोसा शोधत होता. त्यांच्या तोंडी घातलेल्या बोलण्यामुळे खेळणाऱ्याला वाटायचं की यांचं आपापसात ठरलंय. निम्मी हुशारी संवादलेखकाची.

'द लास्ट ऑफ अस'मध्ये (२०१३) याच्या उलट केलं. तुम्ही लपूनछपून चालला असताना बरोबरची एली शत्रूच्या नाकासमोरून गेली तरी त्याला दिसत नाही. बघायला हे थोडं विनोदी वाटतं. पण तिच्या चुकीमुळे तुम्ही मेला असता, तर तासाभरात तुम्हाला त्या मुलीचा राग आला असता, आणि तिची काळजी वाटणं हाच तर त्या गेमचा कणा. वास्तवाचा बळी देऊन नातं वाचवलं. मला हा सौदा मान्य आहे.

आणि हुशारी शून्य असली तरी चालतं. 'पोर्टल'मध्ये (२००७) एका टप्प्यावर खेळणाऱ्याला एक जड ठोकळा बरोबर वागवत न्यायचा असतो. त्याच्या बाजूंवर बदाम काढलेले आहेत, एवढंच काय ते त्याचं पात्रपण. शेवटी तो स्वतःच्या हाताने भट्टीत टाकायला लागतो तेव्हा भलेभले खेळाडू घुटमळले.

आपल्याकडचंही एक उदाहरण देतो, कारण गेम म्हटलं की सगळं जपान-अमेरिकेत घडतं असं आपण धरून चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' आणला. राजी ही मुलगी भाऊ गोलूला शोधत असुरांशी लढते. गोलू पळवला गेलाय, तो हाती लागत नाही, आणि तो हाती लागत नाही म्हणूनच राजी पुढे जाते. हा मारुती कांबळेचाच घराणेबंधू म्हणायचा. शिवाय वरून दुर्गा आणि विष्णू तिच्यावर बोलत असतात. एरवी पडद्यावर कोरड्या सूचना येतात, तिथे इथे दोन देवांचा संवाद आहे.

गैरसमज : दुय्यम पात्रं नायकाच्या सेवेला असतात.

वस्तुस्थिती : चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (२०१४) हा हिशोबच मोडला. वीरा साथीदार यांनी उभा केलेला लोकशाहीर नारायण कांबळे आरोपी आहे, तरी सिनेमा त्याला चिकटून बसत नाही. कोर्ट उठलं की कॅमेरा सरकारी वकील बाईंबरोबर लोकलमध्ये चढतो, मुलाला घेतो, घरी येऊन स्वयंपाकाला लागतो. गीतांजली कुलकर्णी यांनी त्या अशा केल्यात की दिवसभर जुनाट कायद्याची कलमं वाचून एका म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवू पाहणारी बाई आणि घरी पोळ्यांच्या गडबडीत असलेली बाई यांच्यात कुठेही सांधा दिसत नाही. दुष्ट कोणीच नाही, हेच भयंकर आहे, आणि ते नायकाकडे बघत बसलं असतं तर कळलं नसतं.

ज्याच्या मृत्यूवरून खटला उभा राहतो, तो गटार साफ करणारा कामगार तर आपल्याला दिसतही नाही. त्याची विधवा साक्षीला येते आणि बेताच्या आवाजात सांगते, आत उतरण्याजोगं आहे की नाही ते तो झुरळं बाहेर येतात का यावरून ठरवायचा. त्याने आत्महत्या केली हा सरकारी पक्षाचा सगळा युक्तिवाद त्या एका उत्तरात कोसळतो.

गैरसमज : पात्र लोकांना आवडलं की त्याला नायक करावं.

वस्तुस्थिती : जगदीप यांनी 'शोले'तल्या आपल्या वखारवाल्याला घेऊन १९८८ साली 'सूरमा भोपाली' हा अख्खा चित्रपट केला. मूळच्या काही मिनिटांची सर त्याला आली नाही. कारण उघड आहे. सूरमाच्या थापा खऱ्या अर्थाने रंगतात त्या जय-वीरू मागे उभे राहून ऐकत असतात तेव्हा.

लुईजीचं मात्र जमलं. १९८३च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये दुसऱ्या खेळाडूला काहीतरी हवं म्हणून मारिओचेच रंग बदलून हा भाऊ तयार केला होता. २००१च्या 'लुईजीज मॅन्शन'मध्ये त्याला पूर्ण गेम मिळाला, पण त्याला शूर करण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. तो पछाडलेल्या वाड्यात थरथरत फिरतो. हरवलाय मारिओ, एका चित्रात कोंडलेला. खेळणाऱ्याला एक बटण दिलंय, ते दाबलं की लुईजी भावाला हाक मारतो, आणि त्याची तब्येत जितकी ढासळलेली, तितकी ती हाक केविलवाणी होते. या वेळी दुय्यम भूमिका मारिओची आहे आणि तोही ती चोख करतो.