घर मोडण्यापूर्वी ऐकून घ्या

१९४७ नंतर लष्कराच्या छावणीत आसरा घेतलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर वसविले. २००५ साली मुंबई हायकोर्टाने तेथील ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याचा हुकूम केला, तेव्हा त्या वाचविण्यासाठी सरकारने २००६ मध्ये खास कायदा केला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण मग अंबरनाथ-बदलापूरच्या झोपडीवाल्याने काय पाप केले?

मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, १० जुलै १९८५ रोजी, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे ठरविले. फिर्यादींची झोळी पुरती भरली असे मात्र नव्हे! पदपथावर राहण्याचा हक्क कोर्टाने मानला नाही. पावसाळा टळावा म्हणून ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. तथापि नोटिशीवाचून अतिक्रमण हटविणे ही कायद्याने अधिकाऱ्यास दिलेली मुभा होय, आज्ञा नव्हे, आणि एरवी रहिवाशाचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, हे त्या निकालाचे खरे मर्म.

ऐकविण्यास वकील हवा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया व अनुसूचित जातीजमातींस, उत्पन्न न पाहता, तो मोफत मिळतो. व्यापारी वाचकहो, तुमच्या दुकानी राबणाऱ्या हमालाच्या दारावर नोटीस चिकटली, तर त्याच दिवशी विधिसेवा समितीकडे त्याचा अर्ज लिहून द्या.