सावली, घटिकापात्र आणि संघातील ज्येष्ठता

भिक्खूंनी मध्यान्हानंतर भोजन करू नये, हा विनयाचा नियम सर्वांस परिचित आहे. उपोसथदिनी अष्टशील ग्रहण करणारे उपासक-उपासिकाही तो पाळतात. परंतु घड्याळ नसलेल्या काळी मध्यान्ह झाल्याचे संघास कसे कळत असे, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करू लागलो म्हणजे कालमापनाचा धागा थेट समतेच्या तत्त्वापर्यंत जाऊन पोहोचतो.

सर्वांत जुने साधन म्हणजे सावली. सपाट भूमीवर सरळ काठी उभी केली असता तिची सकाळची लांब सावली आखडत जाते, एका क्षणी सर्वांत आखूड होते आणि पुन्हा वाढू लागते. ती सर्वांत आखूड असते तो क्षण मध्यान्ह होय. हा मध्यान्ह सूर्याचा; घड्याळातील बाराशी तो जुळतोच असे नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली असल्यामुळे सूर्याचा मध्यान्ह सरासरीने नागपुरात १२ वाजून सुमारे १४ मिनिटांनी, तर मुंबईत १२ वाजून सुमारे ३९ मिनिटांनी होतो.

आकाश मेघाच्छन्न असता सावली उपयोगी पडत नाही. तेथे जलघटिका कामी येई. सातव्या शतकात नालंदा येथे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने तिचे वर्णन केले आहे. पाण्याने भरलेल्या तांब्याच्या भांड्यात, बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची पातळ वाटी तरंगत ठेवीत. ती भरून बुडाली की नगारा वाजे. पहाटेपासून चार वेळा वाटी बुडाली म्हणजे चार ठोक्यांनंतर दोनदा शंख फुंकून आणखी एक ठोका देत. हा पहिला प्रहर. दुसरा प्रहर संपला की मध्यान्ह, आणि त्यानंतर भोजन वर्ज्य. महाबोधी व कुसिनारा येथे मात्र सकाळपासून मध्यान्हापर्यंत वाटी सोळा वेळा बुडत असे. मराठीतील ‘घटका भरणे’ हा वाक्प्रचार अशाच पात्रावरून आला आहे.

आता विनयपिटकातील महावग्गाकडे वळू. उपसंपदा होताच सावली मोजावी, ऋतू सांगावा आणि दिवसाचा भाग सांगावा, असा तेथे नियम आहे. सावली एक पुरुष लांब आहे की दोन पुरुष, ऋतू वर्षा, हेमंत की ग्रीष्म, वेळ पूर्वाण्हाची की सायाण्हाची, हे सर्व नवदीक्षित भिक्खूने ध्यानात ठेवावयाचे असे. कारण संघात कोणी कोणास प्रथम वंदन करावे, आसन व भिक्षा कोणत्या क्रमाने मिळावी, हे उपसंपदेच्या काळावरून ठरे. जाती, कुल वा पूर्वीची संपत्ती यांना तेथे स्थान नव्हते.

या नियमाचा अर्थ उपालीच्या कथेत स्पष्ट होतो. शाक्यकुमारांचा सेवक असलेला हा न्हावी त्यांच्यासह तथागतांकडे आला, तेव्हा आमचा कुलाभिमान गळून पडावा म्हणून उपालीस आधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती त्या कुमारांनीच केली. त्यामुळे राजकुळातील भिक्खूंना न्हाव्यास वंदन करणे प्राप्त झाले. पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपालीच्या दीक्षेस स्वतंत्र स्थान दिले आहे, ते याच दृष्टीने पाहावे.

घटिकापात्र आपल्या देशात मुहूर्त साधण्यासाठीही वापरले गेले. लग्नघटिका शुभ की अशुभ, हे सांगण्याचा अधिकार मात्र पंचांग बाळगणाऱ्या वर्गाकडेच राहिला. नक्षत्राची वाट पाहत बसल्यामुळे ठरलेला विवाह कसा हातचा गेला, हे नक्खत्त जातकात सांगितले आहे. संघानेही काळ काटेकोरपणे मोजला, पण तो शील पाळण्यासाठी आणि ज्येष्ठतेचा क्रम ठरविण्यासाठी. काठीची सावली कोणालाही मोजता येते; ती कोणाची जात विचारीत नाही.

येत्या उपोसथदिनी विहाराच्या अंगणात एक काठी रोवून मुलांकडून मध्यान्हाची खूण करवून घ्यावी आणि त्यांना उपालीची कथा सांगावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.