झटक्यांच्या मोजणीपलीकडे

डोक्याला ईईजीच्या तारा, समोर कॅमेरा आणि काही दिवसांचा वॉर्डातला मुक्काम. झटका येतो, हातपाय आपटतात, भान जातं; पण आलेखावर अपस्माराची खूण उमटत नाही. अपस्मार नाही, आणि नाटकही नाही. झटके मानसिक कारणांचे आहेत, असं निदान हाती घेऊन रुग्ण घरी जातो. तिथून पुढे त्याचं काय होतं?

जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांनी 164 रुग्णांकडे याची चौकशी केली. 2003 साली छापून आलेलं उत्तर उमेद खचवणारं होतं. निदानाला सरासरी चार वर्षं उलटली, तरी 71 टक्के लोकांना झटके येतच होते आणि निम्म्याहून अधिक जण परावलंबी होते. त्याच गटाच्या आधीच्या पाहणीत पहिल्या झटक्यापासून योग्य निदानापर्यंत सरासरी सात वर्षं गेलेली दिसतात. सात वर्षं! त्यातली कित्येक वर्षं अनेकांनी अपस्माराच्या गोळ्या घेत काढली, ज्यांचा या झटक्यांवर उपयोगच नाही. तेवढ्या काळात नोकरी सुटते, गाडी चालवणं बंद होतं, घरचे एकटं सोडत नाहीत. मग एका भेटीत खरं निदान सांगितलं की गाडी रुळावर येईल, ही अपेक्षाच मला भाबडी वाटते.

ग्लासगोचे 2010 मधले आकडे त्या मानाने बरे. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात, तपासणीला परत आलेल्यांपैकी 38 टक्क्यांचे झटके थांबले होते. सरकारी भत्त्यावर जगणारे मात्र मागे पडले. यावरून ‘भत्त्यासाठीच आजारपण’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग असतात. माझ्या मते ज्यांचं आयुष्य आधीच जास्त विस्कटलेलं, तेच भत्त्यापर्यंत पोचलेले असतात. त्या पाहणीतली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली नोंद वेगळीच आहे: झटके चालू राहिलेल्यांपैकीही अनेकांची तातडीच्या विभागातली धावपळ कमी झाली. म्हणजे निदानाने झटका थांबला नाही, पण त्याची दहशत ओसरली.

उपचारांची मोठी कसोटी ब्रिटनमध्ये लागली. 368 रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. प्रमाणित वैद्यकीय देखभालीला या झटक्यांसाठी बेतलेल्या सीबीटीची, म्हणजे विचार-वर्तन उपचारांची, जोड दिली, तरी वर्षअखेरीस महिन्याच्या झटक्यांच्या संख्येत ठोस फरक पडला नाही. फक्त तेवढंच वाचलं, तर चाचणी फसली म्हणायची. पण झटक्यांचा जाच कमी झाला होता, सलग झटक्याविना गेलेला काळ लांबला होता, रोजचं जगणं सुधारलं होतं.

त्याच वर्षी मेलबर्नहून आलेल्या अभ्यासाने एक जुना दिलासा मात्र काढून घेतला. 1995 ते 2015 या काळात व्हिडिओ-ईईजीसाठी दाखल झालेल्यांमध्ये, असं निदान झालेल्यांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांच्या सुमारे अडीच पट निघाला. ‘अपस्मार नाही ना, मग काळजी नको’ म्हणत न्यूरॉलॉजिस्टने फाईल बंद करायची आणि मनोविकारतज्ज्ञाने ती उघडायचीच नाही, हा प्रकार त्या आकड्यानंतर तरी चालवून घेता येत नाही.