भरवण्याचे शास्त्र

घास गिळताना जीभ तो मागे ढकलते, मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे दार मिटते. श्वासही तेवढ्यापुरता थांबतो. अंगावरून वारे गेलेल्या, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसात हा क्रम बिघडतो. पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याचा त्रास होतो. अन्न फुप्फुसात उतरले की न्यूमोनियाचा धोका असतो. ठसका लागला तर निदान कळते तरी. काहींना तोही लागत नाही. म्हणून जेवताना आवाज ओलसर होणे, डोळ्यांत पाणी येणे, वरचेवर ताप येणे या खुणा सेवा करणाऱ्याला ओळखता याव्या लागतात.

भरवण्याच्या प्रशिक्षणात आधी एक समजूत मोडावी लागते : पातळ ते सोपे. पाणी, चहा, ताक इतक्या झपाट्याने उतरते, की मंदावलेल्या स्नायूंना दार मिटायला वेळच मिळत नाही. ओतूर-जुन्नर भागातल्या ताटात तर याहून अवघड पदार्थ आहेत. आमटीत कुस्करलेली बाजरीची भाकरी मऊ दिसते, पण रस आधी निसटतो आणि कण चावायचे राहतात. पातळ रश्श्यातली मासवडी त्याहून वाईट. तिचे तीळ-खोबऱ्याचे सारण तोंडभर विखुरते. नाचणीची गुठळ्या नसलेली दाट पेज किंवा वरणात घोटून एकजीव केलेला गुरगुट्या भात अनेकांना सोसतो. मात्र कोणाला किती दाट, हे वाचा-उपचारतज्ज्ञाने तपासून ठरवायचे असते.

हा दाटपणा अंदाजाने राखता येत नाही. ‘आयडीडीएसआय’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ० ते ७ पायऱ्या आहेत. ठरावीक मापाच्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमधून पेय १० सेकंद वाहू द्यायचे. ४ ते ८ मिलिलिटर उरले तर दुसरी पायरी, त्याहून जास्त उरून थोडे तरी वाहिले तर तिसरी. चाचणी वाढतेवेळीच करावी, कारण पेज गार होताना घट्ट होते. उलट उष्टा चमचा वाटीत बुडत राहिला, तर लाळेमुळे पिठाचा दाटपणा उतरतो.

प्रशिक्षणार्थींनी एकमेकांना भरवणे हा सर्वांत उपयोगी धडा. मान मागे टाकून चमचाभर दही गिळून पाहिले, की उभ्याने भरवणे का चुकते ते लगेच उमगते : रुग्णाला वर पाहावे लागते. त्याला ताठ बसवावे, आपणही समोर बसावे, लहान चमचा द्यावा आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत पुढचा घास देऊ नये. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठले आहे का, तेही पाहावे. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. घास अडकून श्वास कोंडला तर पाणी पाजू नये. पुढे वाकवून पाठीवर जोरदार थापा द्याव्यात, त्याने न निघाल्यास पोटावर झटके.

राहते ते तोंडाची स्वच्छता, आणि नेमके तेच वगळले जाते. झोपेत लाळही फुप्फुसात उतरते आणि तिच्याबरोबर तोंडातले जंतू. दात, जीभ, कवळी रोज साफ ठेवल्याने न्यूमोनियाचा धोका कमी होतो.