घास अजून बाहेरच आहे

ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा कोरडाच तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागू लागतो. साखर कुणी घातली? तुमच्याच लाळेने. भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. लाळेतलं अमायलेज ती तोडत जातं आणि सुटलेले दोन-दोन मण्यांचे तुकडे जिभेला गोड लागतात.

आता घास गिळा. आपण म्हणतो, पोटात गेला. पण शरीरात गेला का?

तोंडापासून गुदद्वारापर्यंत एकच नळी आहे, दोन्ही टोकांना उघडी. बांगडीतून बोट आरपार घातलं म्हणून ते काचेत शिरलं असं होत नाही. घासाचंही तसंच. लहानपणी चिंचोका गिळला की पोटात झाड उगवेल म्हणून घाबरायचो. तो एक-दोन दिवसांत होता तसा बाहेर पडायचा. आत कधी शिरलेलाच नसायचा.

हे एका माणसाच्या बाबतीत डोळ्यांनी दिसलं. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरचं भोक बुजलंच नाही; थेट जठरात उघडणारी खिडकी राहिली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने 1825 मध्ये मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या खिडकीतून आत सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून पाहिले. जठरात पोहोचलेला घास दोरीने परत काढता येत होता!

बाहेरच आहे, म्हणूनच त्याच्याशी इतकं कठोर वागता येतं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते स्वतःच्या भिंतीला लागू नये म्हणून जठर चिकट द्रवाचा लेप लावतं, आणि तरी झिजलेलं अस्तर दर काही दिवसांनी नवं करतं.

खरा उंबरठा लहान आतड्यात. त्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. लवेच्या प्रत्येक केसावर पेशींचा एकच थर, आणि पलीकडे लगेच रक्त. या दाराला भाकरी कळत नाही, पिठलं कळत नाही. स्टार्चचा एकेक मणी सुटा होऊन आला तरच प्रवेश. पिठल्यातलं प्रथिनही अमिनो आम्लांत किंवा त्यांच्या अगदी छोट्या तुकड्यांत मोडूनच पार होतं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, बेसनात भरपूर. उलट डाळींत जे कमी पडतं ते धान्य भरून काढतं. झुणका-भाकरीची जोडी जमवणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक नव्हता, पण तो चुकलेला नाही.

फोडणीतलं तेल मात्र वेगळ्याच वाटेने जातं. पित्त त्याचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचा रस ते फोडतो, आणि मग बहुतेक तेल रक्ताऐवजी लसिकावाहिनीत शिरून छातीतून वर चढतं. डाव्या खांद्याजवळच्या शिरेत ते रक्ताला भेटतं. पोटातलं तेल गळ्यापाशी पोहोचतं!

उरतो तंतुमय चोथा. त्याला आत प्रवेश नाहीच. पण मोठ्या आतड्यातले अब्जावधी जिवाणू त्यावर जगतात आणि बदल्यात काही मेदाम्लं तयार करतात. त्यांतलं एक, ब्युटिरेट, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. घास दारातच राहिला, तरी दाराची डागडुजी त्याच्यावरच चालते.

तेव्हा आज रात्री नऊला जेवाल, हात धुवाल, ‘पोट भरलं’ म्हणाल. दहाला अंथरूण घालाल, तेव्हाही जेवणातला बराच भाग जठरात आत येण्याची वाट पाहत असेल. तुम्ही झोपून जाल. आणि तरीही, एकेक मणी करत, भाकरी घरात येत राहील.