घटस्फोटाचा अर्ज : कोणत्या गावच्या कोर्टात?

पीएचडीसाठी निकालपत्रं वाचताना सुरुवातीला मी पहिलं पान भरकन उलटायचे. अर्ज कोणत्या गावच्या कोर्टात, एवढंच तर तिथे असतं! हळूहळू कळलं, की बरीचशी ओढाताण तिथूनच सुरू होते.

समजा, लग्न नाशिकला झालं, संसार पुण्यात. पटेना, म्हणून बायको मुलाला घेऊन माहेरी नागपूरला गेली. आता अर्ज कुठे करायचा?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 नुसार लग्न लागलं तिथे, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे, किंवा समोरची व्यक्ती अर्जाच्या वेळी राहते तिथे. म्हणजे नवऱ्याला नाशिक, पुणे, नागपूर तिन्ही मोकळी. बायकोला मात्र पूर्वी नाशिक किंवा पुणेच. 2003 च्या दुरुस्तीने तिला स्वतः राहते तिथेही अर्ज करता येऊ लागला.

तुम्ही म्हणाल, कायदा तर सगळीकडे तोच, मग गावाने काय बिघडतं? नवऱ्याने पुण्यात अर्ज केला, तर दर तारखेला तिला सातशेएक किलोमीटर यायचं. रजा, तिकीट, मुलाला कुणाकडे ठेवायचं, परक्या गावात वकील. गेलीच नाही, तर निकाल एकतर्फी लागू शकतो. दमून कमी पोटगीवर तडजोड करावीशी वाटते ती इथे.

त्यात कलम 21-अ आहे. दोघांनी वेगवेगळ्या कोर्टांत घटस्फोट मागितला, तर नंतरचा अर्ज आधीच्या कोर्टात पाठवला जातो. म्हणून आधी कोण पोचतो याला महत्त्व.

पण तेवढ्यावर संपत नाही. खटला दुसऱ्या कोर्टात हलवून मागता येतो. दोन्ही गावं महाराष्ट्रातली असतील तर मुंबई उच्च न्यायालयाकडे, वेगवेगळ्या राज्यांतली असतील तर सर्वोच्च न्यायालयाकडे. 2022 मध्ये एन. सी. व्ही. ऐश्वर्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा वेळी साधारणपणे पत्नीची सोय पाहावी आणि 21-अ त्याच्या आड येत नाही. 'साधारणपणे' हा शब्द महत्त्वाचा. मागितलं की मिळतंच असं नाही, कारणं मांडावी लागतात.

तेव्हा लांबच्या कोर्टाची नोटीस आली, तर ती कपाटात ठेवू नका. वकिलाचे पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.